इंजिनाच्या पोटाला हात न लावता

विजेवर चालणारी जुनी खेळण्यातली आगगाडी ज्यांच्या घरात आहे, त्यांना सल्ला देणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले म्हणतात, आता ती चालवू नका, काचेच्या कपाटात ठेवा, वस्तू दुर्मीळ आहे. दुसरे म्हणतात, इंजिन उघडा, आतल्या जुन्या तारा काढा, नवी चिप बसवा, म्हणजे हातातल्या रिमोटवर आजच्या गाडीसारखं पळेल. दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात आणि दोन्ही मला मान्य नाहीत. पहिल्यात गाडी राहते पण तिचं चालणं जातं. दुसऱ्यात चालणं राहतं, पण ते त्या गाडीचं नसतं. रिमोट हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो कुठे जोडायचा, एवढाच वाद आहे. माझं उत्तर असं, की इंजिनाच्या आत काहीही न बदलता तो रुळाला वीज पुरवणाऱ्या पेटीला जोडावा.

ही कल्पना परदेशी छंदिष्टांची वाटेल, पण नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने ती कधीच अमलात आणली आहे. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. मोटार चालू करायला राहुरी-नेवाशाच्या उसात बॅटरी घेऊन जायचं म्हणजे साप, विंचू, अलीकडे बिबट्या. म्हणून विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत मोबाईलवर चालणारं यंत्र बसलं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ला नोकिया कंपनीच्या स्पर्धेत २००९ साली गौरवलं गेलं. त्यानंतर असे कितीतरी स्टार्टर बाजारात आले. यातली शहाणपणाची गोष्ट अशी, की पाण्यातल्या मोटारीला कुणी हात लावला नाही. वडिलांच्या काळची मोटार तशीच राहिली, फक्त तिला वीज देणारा हात बदलला. यंत्र बिघडलं तर ते बाजूला काढून हिरवं बटण पूर्वीसारखं दाबता येतं. जुन्या आगगाडीला नेमकी हीच वागणूक मिळायला हवी.

त्यासाठी जुनं इंजिन चालतं कसं, हे नीट पाहिलं पाहिजे. सगळ्यात सोपी जात म्हणजे दोन रुळांची, डीसी विजेवरची. एका रुळातून वीज येते, चाकांतून मोटारीत जाते, दुसऱ्या रुळातून परतते. शून्यापासून साधारण १२ व्होल्टपर्यंत दाब वाढवला की वेग वाढतो, धन-ऋण उलटं केलं की गाडी उलटी धावते. जर्मनीच्या मर्क्लिन कंपनीने १९३५ साली लहान आकाराच्या गाड्या बाजारात आणल्या. त्या एसी विजेवर चालतात. साधारण १६ व्होल्टपर्यंत गाडी धावते आणि क्षणभर २४ व्होल्टचा झटका दिला की आतला खटका सरकून दिशा बदलते. अमेरिकेच्या लायोनेलच्या गाड्या तीन रुळांच्या. त्यांच्या मोटारीला धन-ऋणाशी देणंघेणं नाही, म्हणून दिशा बदलायला इंजिनात एक छोटा फिरता खटका असतो. वीज क्षणभर तोडून पुन्हा दिली की तो एक घर पुढे जातो: पुढे, थांब, मागे, थांब, पुन्हा पुढे. शिट्टीची युक्ती तर मला फारच आवडते. रुळावरच्या एसी विजेत थोडी डीसी वीज मिसळली की इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातला रिले ओढला जातो, आत एक लहानसा पंखा फिरतो आणि खरी हवा खऱ्या शिट्टीतून वाजते. हेही १९३५ चंच. यात कुठेही चिप नाही. तांब्याची तार, लोखंडाचा गाभा, पितळेची पट्टी आणि ते जमवणाऱ्याची बुद्धी.

म्हणजे या गाड्यांना स्वतःची एक भाषा आहे. दाब वाढणं, दाब कमी होणं, वीज क्षणभर जाणं, झटका, मिसळलेली डीसी, एवढेच शब्द त्यांना कळतात. हातातल्या रिमोटने हेच शब्द उच्चारले, तर ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या इंजिनाला काहीच वेगळं घडल्याचं कळणार नाही. रिमोटचं चाक फिरवलं की लहरी निघतात, त्या टेबलाखालच्या पेटीला मिळतात, पेटी रुळावरचा दाब वाढवते. दिशेचं बटण दाबलं की पेटी क्षणभर वीज तोडते आणि इंजिनातला खटका नेहमीसारखा एक घर सरकतो. शिट्टीचं बटण दाबलं की पेटी डीसी मिसळते. लायोनेलने १९९४ च्या सुमारास आणलेल्या यंत्रणेत अशी सोय होती. नव्या गाड्यांसाठी वेगळे हुकूम होतेच, पण जुन्या गाड्यांसाठी ट्रान्सफॉर्मर आणि रूळ यांच्यामध्ये बसणारी पेटीही होती. मला त्या यंत्रणेचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो करणाऱ्याने नवं विकताना जुन्याला वाऱ्यावर सोडलं नाही.

त्या यंत्रणेमागे प्रसिद्ध गायक नील यंग होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. त्यांचा मुलगा बेन याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्याला हात हवे तसे हलवता येत नाहीत, बोलता येत नाही. बापाला आगगाड्यांचा नाद, आणि त्या मुलालाही चालवता याव्यात म्हणून ते नियंत्रणाच्या प्रश्नामागे लागले. त्यातून कंपनी उभी राहिली, लायोनेलशी भागीदारी झाली, पुढे खुद्द लायोनेल कंपनीतही त्यांनी हिस्सा घेतला. या गोष्टीत रिमोटचं खरं प्रयोजन आहे असं मी मानतो. ट्रान्सफॉर्मरचा दांडा टेबलाच्या एका कोपऱ्यात खिळलेला असतो. ज्याला तिथे बसता येतं, ज्याची बोटं तो दांडा धरू शकतात, तोच ड्रायव्हर. रिमोट हातातून हातात जातो. व्हीलचेअरवरच्या मुलाच्या मांडीवर तो ठेवता येतो, खाली वाकू न शकणाऱ्या आजोबांना खुर्चीत बसून गाडी चालवता येते, सहा वर्षांच्या नातीला गाडीबरोबर चालत जाऊन बोगद्याच्या तोंडाशी तिचा वेग कमी करता येतो. आजपर्यंत नुसतं बघत बसलेला माणूस यामुळे चालवणारा होतो. रिमोटला 'आयती सोय' म्हणून नाक मुरडणाऱ्या जुन्या शौकिनांनी या माणसांचा विचार केलेला नसतो.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकू. डिकोडर, म्हणजे इंजिनात बसणारी ती नवी चिप, बसवण्याचे फायदे खरे आहेत. आज जगभर चाललेली डिजिटल पद्धत जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या कामातून आली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मॉडेल रेल्वे संघटनेने तिला प्रमाण म्हणून स्वीकारलं. रुळावर कायम पूर्ण दाबाची वीज असते, ती सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, आणि त्या बदलांच्या लहान-मोठ्या अंतरांतून हुकूम जातात. ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा टप्पा म्हणजे एक, १०० किंवा त्याहून जास्त म्हणजे शून्य. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक. एकाच रुळावर चार इंजिनं, चौघांचे वेग वेगळे, दिवे वेगळे, आवाज वेगळे. नव्या गाड्यांसाठी यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही. नवं इंजिन या पद्धतीसाठीच घडवलेलं असतं. त्याने तसंच चालावं.

जुन्या इंजिनाला मात्र या पद्धतीत आणायचं तर शस्त्रक्रिया लागते. बहुतेक जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश सरळ धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो; सांगाडा हीच परतीची तार. तो ब्रश सांगाड्यापासून तोडावा लागतो, नाहीतर डिकोडर पहिल्याच क्षणी जळतो. जागा करायला आतलं ओतीव वजन कापावं लागतं. दिशेचा खटका निरुपयोगी ठरतो, म्हणून काढून टाकला जातो. शिट्टीचा पंखा जातो, त्याच्या जागी लहानसा स्पीकर येतो. जुन्या मोटारी अडखळल्या की एक अँपियरहून जास्त वीज ओढतात, त्यामुळे पुष्कळदा मोटारही बदलली जाते. एवढं झाल्यावर जुनं काय उरलं? टोपण आणि चाकं. ज्याने ते इंजिन घडवलं त्याची सारी हुशारी डब्यात पडते, आणि बहुधा तो डबाही पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत जातो.

शिवाय चालवणाऱ्याच्या हातून काहीतरी निसटतं, आणि माझ्या लेखी हे त्याहून मोठं नुकसान आहे. चांगला डिकोडर मोटारीला वीज देताना मध्ये मध्ये क्षणभर थांबतो आणि फिरत्या मोटारीतून उलट येणारा दाब मोजतो. गाडी चढावर मंदावली की तो आपण होऊन वीज वाढवतो, उतारावर कमी करतो. वेग काट्यासारखा स्थिर राहतो. जुनी गाडी असं करत नाही. थंड मोटार सुरुवातीला जास्त दाब मागते, तापली की कमी दाबात पळते. सहाच्या जागी नऊ डबे लावले की वळणावर दमते. उतारावर हात आवरला नाही तर पहिल्याच वळणाला रुळावरून उतरते. चालवणाऱ्याला हे सगळं कान देऊन ओळखावं लागतं, अंगठ्याने सांभाळावं लागतं. खऱ्या वाफेच्या इंजिनावरचा माणूसही हेच करत होता. नगरहून राहुरीकडे जाताना पठार सोडून रूळ मुळा नदीच्या खोऱ्यात उतरतात. विळदच्या त्या टापूत मालगाडी वर ओढणं आणि खाली उतरवणं ही दोन वेगळी कामं होती. जुन्या मॉडेलमध्ये त्या कामाची लहानशी पण खरी चव मिळते. तीच काढून घेतली, तर मुलाच्या हाती वेगाचा आकडा तेवढा राहतो.

डिजिटल पद्धतीत एक तडजोड ठेवलेली आहे. डिकोडर न बसवलेलं एक जुनं इंजिन 'शून्य' क्रमांकावर चालवता येतं. त्यासाठी शून्याचे टप्पे एका बाजूला लांबवले जातात आणि सरासरीने थोडी डीसी वीज मिळते. ही तडजोड मला डिकोडर आणि बाहेरची पेटी या दोन्हींपेक्षा वाईट वाटते. उभ्या इंजिनाच्या मोटारीतही पूर्ण दाबाची वीज सतत इकडून तिकडे वाहत असते, मोटार गुणगुणते आणि तापते. हलक्या, गाभा नसलेल्या मोटारी तर त्यात जळून जातात. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत त्यांनी टेबलाला एक मोठा खटका बसवावा: एका बाजूला डिजिटल, दुसऱ्या बाजूला साधी वीज, आणि दोन्ही एकदम कधीही नाही.

टिकण्याच्या हिशेबातही चिपवाले जिंकत नाहीत. ब्रिटनच्या हॉर्नबीने १९७९ साली 'झीरो वन' नावाची डिजिटल यंत्रणा आणली होती. त्या काळी ती भविष्य वाटली. काही वर्षांतच ती बंद झाली. ज्यांनी तिच्यासाठी इंजिनं उघडली त्यांच्या इंजिनांत आज अनाथ पट्ट्या आहेत, आणि ज्यांनी उघडली नाहीत त्यांची इंजिनं साध्या विजेवर अजून धावतात. रिमोट, लहरी, चिपा दहा-पंधरा वर्षांनी बदलत राहणारच. म्हणून त्या बदलणाऱ्या वस्तू बदलायला सोप्या जागी असाव्यात. दुरुस्तीचंही तेच. जळालेली चिप फेकावी लागते. जळालेलं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग, पुन्हा गुंडाळता येतं, आणि ते गुंडाळणारे हात नगर जिल्ह्यात गावोगाव आहेत. श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, कुठेही जा, पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारं दुकान सापडतं. बारीक तारेचं काम वेगळं आहे, पण वेढे मोजण्याची, वार्निश देण्याची, ब्रश घासून बसवण्याची विद्या तीच. उसाच्या पाण्यासाठी जन्मलेली ही कारागिरी जुन्या इंजिनाच्या उपयोगी पडू शकते, याचा मला फार आनंद वाटतो.

खऱ्या रेल्वेतही हा प्रश्न दोन वेगळ्या तऱ्हांनी सोडवलेला दिसतो. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेतल्या काही इंजिनांत कोळशाऐवजी तेल जाळण्याची सोय केली. बदल झाला, पण बॉयलर तापतो, वाफ होते, दट्टे हलतात, ड्रायव्हरला वाफेचंच काम करावं लागतं. दुसरीकडे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी एकतानगर-अहमदाबाद मार्गावर एक वारसा गाडी सुरू झाली. तिचं इंजिन दिसायला वाफेचं, चालतं विजेवर. प्रवाशांना ते आवडतं, आवडू द्या. तरी वारसा म्हणून मी पहिल्याच्या बाजूने आहे. निलगिरीत यंत्राला लागणारं इंधन बदललं, यंत्राचं चालणं शाबूत राहिलं. एकतानगरला चालणं गेलं आणि रूप ठेवलं. डिकोडर घातलेलं जुनं मॉडेल या दुसऱ्या वर्गात बसतं, बाहेरच्या पेटीवर चालवलेलं पहिल्या वर्गात.

मग जुना ट्रान्सफॉर्मरही जपायचा का, असं विचारणारे काटेकोर लोक असतात. चालवण्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या संचातली सगळ्यात धोकादायक वस्तू तीच. तिच्या वायरीवरचं रबर ठिसूळ होऊन सुटतं, आणि तिची एक बाजू भिंतीतल्या विजेला असते. अमेरिकेतल्या मराठी घरांतून इकडे येणाऱ्या संचांत आणखी एक फसवणूक दडलेली असते. तो ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टसाठी असतो, आपल्या २३० व्होल्टला लावला तर धूर निघतो. दाब कमी करणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावला तरी तिकडची ६० हर्ट्झची वीज इथे ५० हर्ट्झची होते आणि गाभा जास्त तापतो. म्हणून भिंतीकडची बाजू पूर्ण नवी असावी: इथल्या दाबाचा, प्रमाणित, लगेच तुटणाऱ्या फ्यूजचा पुरवठा, आणि त्यापुढे रिमोटची पेटी. मूल रुळाला हात लावणारच, हे धरून चालावं. जुना ट्रान्सफॉर्मर खोक्यात घालून, वर तारीख आणि माहितीची चिठ्ठी लावून ठेवावा. पेटी निवडतानाही जरा चौकशी हवी. काही पेट्या विजेची लाट कापून दाब कमी करतात. त्यावर काही जुन्या मोटारी करकरतात आणि शिट्टीचा रिले नीट ओढला जात नाही. अशा वेळी पेटी बदलावी. इंजिनाला दोष देऊन ते उघडू नये.

काचेच्या कपाटवाल्यांना उत्तर द्यायचं राहिलं. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअरच्या केंद्राने उभारलेलं, फेब्रुवारी १९९४ मध्ये जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते खुलं झालेलं. रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंत सगळे तिथे उभे आहेत, आणि ते उभेच असणं योग्य आहे. त्यांचं वजन आणि त्यांचं काम पाहता त्यांनी शांत राहावं. खेळण्यातल्या आगगाडीला असं कोणतंही कारण नाही. ती चालवण्यासाठीच केलेली आहे आणि न चालवल्याने बिघडते. वंगण घट्ट होऊन दातेरी चाकं अडकतात, ब्रशवर काजळी धरते, चाकांवर गंज चढून वीज पोचत नाही. काही जुन्या ओतीव भागांचा धातूच भुसभुशीत होत जातो; त्यावर इलाज नाही. बाकीच्या सगळ्यावर इलाज आहे, तो म्हणजे थोडं तेल, स्वच्छ रूळ आणि नियमाने धावणं. नगरची हवा कोरडी, गंजाला कमी पोषक, धुळीला फार. म्हणजे इथे काम झाडण्या-पुसण्याचं जास्त.

मॉडेल गाड्या चालत्या ठेवणं हे मराठी माणसाला जमणारं काम आहे, याचा पुरावा पुण्यात कोथरूडला आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या नादातून उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. एक अख्खं छोटं शहर, त्यात वाफेच्या गाड्यांपासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळं, सिग्नल, सांधे, रस्त्यावरची वाहतूक, आणि दिवे मालवल्यावर रात्रही. त्यांच्या मागे त्यांच्या कुटुंबाने ते चालू ठेवलं. तिथे नियंत्रण एका जागेवरून होतं, आणि एवढ्या गाड्या वेळापत्रकाने चालवायच्या तर ते तसंच हवं. मला त्या संग्रहालयाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो रोजच्या चालवण्यासाठी. रोज खेळ करायचा म्हणजे रोज रूळ पुसायचे, चाकं पुसायची, अडलेला सांधा सोडवायचा. ही निगा काचेच्या कपाटाला कधी लागत नाही, म्हणून कपाटाभोवती कारागीरही तयार होत नाहीत.

असं काहीतरी नगरला व्हावं आणि त्याचा विषय आपलाच मार्ग असावा, असं मला मनापासून वाटतं. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली, दुष्काळाने होरपळलेल्या त्या वर्षांत. सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग. विसापूर, सारोळा, नगर, विळद, वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव. मुळा, प्रवरा, गोदावरी या तीन नद्यांवरचे पूल. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात केला तरी हा मार्ग सुमारे २.७ किलोमीटर भरेल, तेव्हा निवड करावीच लागेल. मी विळद-वांबोरीचा उतार आणि गोदावरीचा पूल निवडीन, मधलं सोडून देईन. उतार अशासाठी, की तिथे चालवणाऱ्याच्या हाताची परीक्षा होते.

तिथे घरोघरच्या माळ्यांवरच्या जुन्या गाड्या आणाव्यात आणि त्यांच्यासाठी साध्या विजेचा एक वेगळा रूळ राखून ठेवावा. नव्या डिजिटल गाड्यांचा रूळ शेजारी असू दे, पण दोन्हींना जोडणारा सांधा नको. एका चाकाने दोन्ही रूळ जोडले गेले की जुनी मोटार किंवा नवी पेटी, कुणीतरी जळणार. जुन्या रुळाचे विजेपुरते तीन-चार तुकडे करावेत, म्हणजे एका वेळी तीन-चार गाड्या उभ्या राहतील आणि प्रत्येक तुकड्याचा रिमोट वेगळ्या माणसाच्या हातात असेल. विळदवाल्याने गाडी सोडली की वांबोरीवाल्याने ती त्याच वेगाने घ्यायची. त्यासाठी दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल, खऱ्या स्टेशनमास्तरांना लागायचं तसं. कोणत्याही आणलेल्या इंजिनाचा सांगाडा कापायचा नाही, तार तोडायची नाही, हा नियम दारावर लिहावा. रिमोटांपैकी निदान एकाची बटणं मोठी असावीत आणि टेबलाची उंची व्हीलचेअर आत सरकेल एवढी. आणि दर आठवड्याला एक दुपार दुरुस्तीची ठेवावी, गावातल्या रिवाइंडिंगच्या दुकानातल्या कारागिरांना रीतसर मोबदला देऊन बोलवावं, शाळेतल्या मुलांनी त्यांच्या शेजारी बसून आर्मेचरचे वेढे मोजावेत.